गव्हाचे वावडे आणि ज्वारीच्या पिठाची परीक्षा

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्याचे आणि ज्वारीचे नाते फार जुने आहे. येथील काळ्या, कसदार जमिनीत रब्बीची ज्वारी बहुतांशी जमिनीतल्या ओलीवरच उभी राहते. तिच्या दाण्यावर माणसे आणि कडब्यावर गुरे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली. गेल्या काही दशकांत खरिपातील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली, जायकवाडीच्या पाण्यावर गव्हाची पेरणी होऊ लागली आणि भाकरीच्या शेजारी पोळी नित्याची झाली. असे असले तरी आज ज्वारीकडे एका निराळ्याच कारणाने लक्ष वेधले जात आहे. ज्यांना गहू मुळीच सोसत नाही अशा रुग्णांना ज्वारीचा मोठा आधार मिळाला आहे.

आपल्या भाषेत अशा न सोसण्याला ‘वावडे’ हा नेमका शब्द आहे. एखाद्या मुलाला गव्हाचे वावडे आहे असे निदान झाले, की वैद्य सांगतात, “पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया बंद, भाकरी चालेल.” आई त्याप्रमाणे घरातला गहू बाजूला ठेवते, निवडलेली ज्वारी गिरणीत देते आणि दोन्ही वेळा भाकरी करून घालते. तरीही मुलाचे पोट बिघडतच राहते, वजन वाढत नाही. अशा वेळी औषधाला दोष दिला जातो, नाही तर मुलाने चोरून काही खाल्ले असावे असा संशय घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा त्या पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या पिठातच दडलेला असू शकतो. ज्वारीत गव्हाचे प्रथिन नसते हे जितके खरे, तितकेच ज्वारीच्या पिठात ते असू शकते हेही खरे आहे. ते आहे की नाही हे डोळ्यांना, जिभेला किंवा नाकाला कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगू शकते. ही तपासणी कशी होते आणि तिचा उपयोग शेतकरी, गिरणीचालक व गृहिणी यांनी कसा करून घ्यावा, याची माहिती येथे देत आहोत.

वावडे म्हणजे काय?

‘ॲलर्जी’ हा शब्द ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणला. शरीराची संरक्षक यंत्रणा एरवी रोगजंतूंशी लढते. काही व्यक्तींमध्ये मात्र ती एखाद्या निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. अन्नातील प्रथिने हे याचे नेहमीचे निमित्त असते. अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. क्वचित रक्तदाब एकदम खाली येऊन जीवही धोक्यात येतो. या प्रकारास कारणीभूत होणाऱ्या प्रतिपिंडाचा, म्हणजे ‘आयजीई’चा, शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील शास्त्रज्ञ यांनी स्वतंत्रपणे लावला.

गव्हाच्या बाबतीत आणखी एक विकार ध्यानात घ्यावा लागतो. तो म्हणजे सिलिॲक रोग. काटेकोर अर्थाने ही ॲलर्जी नव्हे. गहू, सातू व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे रुग्णाच्या शरीराची संरक्षक यंत्रणा त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे त्यावरील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. परिणामी मूल भरपेट जेवूनही उपाशीच राहते. जुनाट जुलाब, फुगलेले पोट, रक्तक्षय, खुंटलेली उंची ही लक्षणे पाहून ते केवळ कुपोषित आहे असा समज होण्याचा संभव असतो. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध दाखवून दिला आणि १९५० मध्ये आपल्या प्रबंधात तो मांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा तुटवडा पडला, तेव्हा अशा मुलांची प्रकृती सुधारल्याचे निरीक्षण त्यांच्या विचाराला बळ देणारे ठरले.

भारतात या रोगाचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुप्रादेशिक पाहणीत उत्तर भारतातील प्रौढांत ते शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात सुमारे एक आढळले. गहू खाणारा आणि भात-भरड धान्य खाणारा या दोन प्रदेशांच्या सीमेवर आपला महाराष्ट्र आहे. आहारात गव्हाचे प्रमाण वाढत असताना या रोगाची जाण असणे म्हणूनच अगत्याचे आहे. या रोगावर आजही नित्याच्या वापरातले औषध नाही; आयुष्यभर ग्लुटेनरहित आहार हाच उपचार होय.

येथे एक सूचना आवर्जून केली पाहिजे. गव्हाचा संशय आला म्हणून कोणी परस्पर गहू सोडू नये. सिलिॲक रोगाच्या निदानासाठी रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची आणि आवश्यक तर आतड्याच्या अस्तराची तपासणी करतात. गहू आधीच सोडलेला असेल तर या तपासण्या फसव्या ठरू शकतात. प्रथम तपासणी, मग निदान आणि त्यानंतर पथ्य हाच क्रम योग्य होय. ज्यांना असा विकार नाही त्यांनी गव्हाला भिण्याचे कारण नाही. बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने गहू हे उत्तम अन्न आहे.

ज्वारीची बाजू

ज्वारीच्या दाण्यातील मुख्य साठवणीच्या प्रथिनांना ‘काफिरिन’ म्हणतात. त्यांची घडण गव्हातील प्रथिनांहून वेगळी आहे. म्हणूनच ज्वारीचे पीठ गव्हाच्या कणकेसारखे लवचीक होत नाही. भाकरी लाटता येत नाही, ती थापावी लागते. स्वयंपाकघरात रोज दिसणारा हा फरक ग्लुटेनच्या अभावाचाच पुरावा आहे. ज्वारीच्या जनुकीय आराखड्याचे वाचन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर २०१३ मध्ये इटली व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जनुके, प्रथिने आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या अशा तिन्ही अंगांनी परीक्षा करून ज्वारी सिलिॲक रुग्णांना निर्धोक असल्याचे दाखवून दिले.

परभणीला या धान्याचा अभ्यास नवा नाही. १८ मे १९७२ रोजी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ हे ज्वारीचे वाण येथल्याच संशोधनाचे फलित होय. हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने विकसित झालेला, लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. याच विद्यापीठाचे अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून प्रक्रिया उद्योगासाठी तंत्रज्ञ घडवीत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर ज्वारीचे पीठ, रवा, पोहे व बिस्किटे यांना शहरी बाजारपेठेत मागणी वाढली. त्या बाजारपेठेत ‘ग्लुटेनरहित’ या एका शब्दाला मोल आहे. तो शब्द पाकिटावर छापावयाचा असेल तर त्यामागे तपासणीचा आधार हवा.

पाच दाण्यांचा हिशेब

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लुटेनरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात दर किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादाही हीच आहे. हा आकडा व्यवहारात किती लहान आहे ते पाहू.

गव्हाच्या दाण्यात साधारणपणे दहा टक्के ग्लुटेन धरले, तर २० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे २०० मिलिग्रॅम गहू. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅम वजनाचा असतो. म्हणजेच एक किलो ज्वारीत गव्हाचे केवळ पाच दाणे मिसळले की ही मर्यादा गाठली जाते. एका किलोत ज्वारीचे तीस हजारांच्या आसपास दाणे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाच दाण्यांचे महत्त्व कळेल. पिठाच्या भाषेत सांगावयाचे तर एक क्विंटल ज्वारीच्या पिठात २० ग्रॅम, म्हणजे मूठभरही नव्हे इतके, गव्हाचे पीठ पुरेसे होते.

ही मर्यादा इतकी कडक का, असा प्रश्न पडेल. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास सिलिॲक रुग्णाच्या आतड्याला इजा होते असे दिसून आले. पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे अर्धा ग्रॅम गव्हाचे पीठ, अवघी एक चिमूट. आता भाकरीवर जगणाऱ्या माणसाचा विचार करा. तो दिवसाला अर्धा किलो पीठ खात असेल आणि पिठात किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन असेल, तर त्याच्या पोटात १० मिलिग्रॅम जाईल. तेच प्रमाण १०० मिलिग्रॅम असेल, तर इजेची ५० मिलिग्रॅमची पातळी गाठली जाईल. ज्या समाजात एकच पीठ दोन्ही वेळा पोटभर खाल्ले जाते, तेथे त्या पिठाची शुद्धता अधिकच महत्त्वाची ठरते.

गहू येतो कोठून?

हे पाच दाणे ज्वारीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा अनेक आहेत. शेजारच्या वावरात गहू असतो. एकच मळणी यंत्र आज गव्हावर आणि उद्या ज्वारीवर चालते. कालचा गव्हाचा बारदाना आज ज्वारीसाठी वापरला जातो. मोंढ्यात दोन्ही धान्यांचे ढीग शेजारी शेजारी पडतात आणि एकाच झाडूने जमीन झाडली जाते. या प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे दाणे मिसळतात. तथापि तोवर उपाय हाती असतो, कारण गव्हाचा लांबट, तांबूस दाणा ज्वारीच्या गोल, पांढऱ्या दाण्यांत ओळखू येतो. चाळणी, सूप आणि निवडणारे हात त्याला बाहेर काढू शकतात.

खरी अडचण गिरणीत निर्माण होते. दगडांच्या खाचांत, धान्य ओतण्याच्या तोंडाशी, पीठ पडते त्या कापडी पिशवीत आधीच्या दळणाचे पीठ राहून जाते. शिवाय गिरणीच्या हवेत तरंगणारे पीठ सगळीकडे बसत असते. गव्हामागून लगेच ज्वारी दळली, तर आरंभीच्या काही किलोंत गव्हाचा अंश येणारच. एकदा पीठ झाले की निवडणारे हात निरुपयोगी ठरतात.

आपल्या गृहिणींना ही गोष्ट मुळीच नवी नाही. “आधी काय दळलंय?” हा प्रश्न गिरणीत रोज विचारला जातो. ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू टाकण्याचा आग्रह धरला जातो. उपवासाचे राजगिऱ्याचे किंवा भगरीचे दळण असले तर अधिकच काळजी घेतली जाते. काही घरी ते स्वतंत्रपणे जात्यावर काढले जाते. व्रतासाठी जी दक्षता आपण सहज घेतो, तीच रुग्णासाठी घ्यावयाची आहे.

प्रयोगशाळेत काय घडते?

अन्नातील ॲलर्जीकारक प्रथिने मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ‘एलायझा’ या नावाने प्रसिद्ध आहे. स्टॉकहोम येथील एव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी १९७१ मध्ये ती मांडली. त्याच सुमारास हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे तशीच पद्धत विकसित केली. प्रतिपिंड आपल्या ठरावीक प्रथिनालाच चिकटते, जशी एका कुलपाला एकच किल्ली लागावी, या गुणधर्मावर ती आधारलेली आहे.

प्रारंभ नमुन्यापासून होतो. प्रत्यक्ष चाचणीला एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी पीठ लागते. तीस हजार दाण्यांत पाच दाणे गव्हाचे असतील, तर चिमूटभर नमुन्यात ते सापडणे हा केवळ योगायोग ठरेल. म्हणून पोत्याच्या वरून, मधून व तळातून आणि एकाहून अधिक पोत्यांतून धान्य घेऊन ते एकत्र करतात, बारीक दळतात, चांगले मिसळतात आणि मगच त्यातील भाग तपासतात. नमुना चुकीचा घेतला तर पुढील सारे यंत्र निर्दोष असूनही निष्कर्ष चुकीचा येतो.

दुसरी पायरी प्रथिने पिठातून सोडवून घेण्याची. गव्हातील ग्लियाडिन हे ग्लुटेनचे घटक प्रथिन पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कमिश्रित द्रावणात विरघळते. भाजलेल्या किंवा शिजवलेल्या पदार्थांत प्रथिने एकमेकांत घट्ट अडकलेली असल्याने त्यांना सुटे करणारी विशेष रसायने वापरावी लागतात. लालसर ज्वारीसारख्या धान्यातील टॅनिन वर्गाची द्रव्ये प्रथिनांना धरून ठेवतात. त्यांच्यासाठी दुधाच्या भुकटीसारखा पदार्थ द्रावणात घालतात, म्हणजे टॅनिन त्यात गुंतून राहते.

तिसरी पायरी मोजणीची. छोट्या छोट्या ९६ खळग्यांची एक प्लॅस्टिकची पट्टिका घेतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी ग्लियाडिनला पकडणारी प्रतिपिंडे आधीच बसविलेली असतात. नमुन्याचा अर्क त्यात टाकला की गव्हाचे प्रथिन तेथे अडकते. मग खळगे धुऊन काढतात. नको ते वाहून जाते, अडकलेले राहते. त्यानंतर विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकतात. तेही त्या प्रथिनाला चिकटते. पुन्हा धुतल्यावर रंगजनक द्रव घालतात. जेथे प्रथिन असेल तेथेच विकर शिल्लक असते आणि तेथेच निळा रंग उमटतो. आम्ल घालताच तो पिवळा होतो. रंग जितका गडद, तितके प्रथिन अधिक. ज्ञात प्रमाणांच्या द्रावणांशी तुलना करून यंत्र त्याचे मोजमाप देते. मिळालेल्या ग्लियाडिनच्या आकड्याची दुप्पट म्हणजे ग्लुटेन, असा संकेत आहे. या चाचणीत वापरले जाणारे ‘आर-५’ हे प्रतिपिंड स्पेनमधील माद्रिद येथे एन्रिके मेंदेस यांच्या गटाने विकसित केले. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने त्यावर आधारलेल्या पद्धतीला मान्यता दिली आहे.

इतरही पद्धती आहेत. पीसीआर पद्धतीने गव्हाच्या जनुकीय द्रव्याचा माग काढता येतो. त्यावरून गहू मिसळला आहे हे कळते, परंतु प्रथिन किती याचे थेट उत्तर मिळत नाही. पट्टीवर रेघ उमटणाऱ्या झटपट चाचण्या कारखान्यातील यंत्र स्वच्छ झाले की नाही हे जागच्या जागी पाहण्यास उपयोगी पडतात. वस्तुमान वर्णपटमापी या महागड्या यंत्राने एकाच वेळी अनेक पदार्थांची प्रथिने शोधता येतात.

अहवाल कसा वाचावा?

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला की त्यातील शब्द काळजीपूर्वक पाहावेत. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘शून्य’ असा नसून, त्या पद्धतीने मोजता येणाऱ्या किमान पातळीच्या खाली, असा आहे. ती पातळी अहवालात नमूद असावी. चाचणीची पद्धत कोणती, नमुना कोणत्या घाण्याचा किंवा कोणत्या तारखेच्या दळणाचा, प्रयोगशाळेस राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची, म्हणजे ‘एनएबीएल’ची, मान्यता या विशिष्ट चाचणीसाठी आहे काय, या बाबीही पाहाव्यात.

पद्धतीची योग्यायोग्यताही महत्त्वाची आहे. वर वर्णिलेल्या चाचणीत प्रथिनाला दोन ठिकाणी पकडावे लागते. आंबविलेल्या पदार्थांत प्रथिनांचे बारीक तुकडे झालेले असतात, त्यामुळे ही चाचणी त्यांना हुकू शकते. आंबील किंवा तत्सम पदार्थ तयार स्वरूपात विकावयाचा असेल तर आंबविण्यापूर्वीचे पीठच तपासून घेणे श्रेयस्कर. तसेच ज्या व्यक्तीला सिलिॲक रोग नसून गव्हाची ॲलर्जी आहे, तिला ग्लुटेनखेरीज गव्हातील अन्य प्रथिनेही बाधू शकतात. अशा व्यक्तीने ‘ग्लुटेनरहित’ या शब्दावर विसंबण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की अहवाल तपासलेल्या नमुन्यापुरताच बोलतो. आज शुद्ध ठरलेल्या पिठाचा दाखला उद्याच्या दळणाला लागू होत नाही. रोजच्या कामात शिस्त असेल तरच एका नमुन्यावरून संपूर्ण मालाविषयी विश्वासाने बोलता येते. प्रयोगशाळा शुद्धता निर्माण करीत नाही. शेतात, खळ्यावर आणि गिरणीत जी राखली गेली तिची ती साक्ष देते.

शेंगदाणा, सोयाबीन आणि तीळ

गव्हाप्रमाणेच इतर वनस्पतिजन्य अन्नांतही वावडे निर्माण करणारी प्रथिने असतात. शेंगदाणा हे त्याचे जगभर परिचित उदाहरण होय. शेंगदाणा भाजल्याने त्याचा हा गुण नाहीसा होत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र फरक पडतो. पूर्ण शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात त्याचा अंश राहू शकतो. ज्याला शेंगदाण्याचे वावडे आहे त्याने हा भेद जाणून घेतला पाहिजे.

सोयाबीन हे तर आज परभणीचे प्रमुख खरीप पीक आहे. त्याची उद्बोधक कथा अमेरिकेत घडली. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हा पोषक घटक कमी असतो. तो वाढविण्यासाठी तेथील एका बियाणे कंपनीने ब्राझील नट या कवचफळातील प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले. बाजारात येण्यापूर्वीच नेब्रास्का विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्या फळाचे वावडे असलेल्या व्यक्तींचे रक्तद्रव वापरून चाचणी केली. फळातील वावडे नेमके त्याच प्रथिनाबरोबर सोयाबीनमध्ये आल्याचे दिसून आले. १९९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; ते सोयाबीन कधीच बाजारात आले नाही. वेळीच झालेली तपासणी किती मोठा अनर्थ टाळू शकते, याचा हा वस्तुपाठ आहे.

भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमावलीनुसार पाकीटबंद अन्नावर ॲलर्जीकारक घटकांचा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक आहे. वनस्पतिजन्य पदार्थांपैकी ग्लुटेनयुक्त धान्ये, शेंगदाणा, कवचफळे आणि सोयाबीन यांचा त्या यादीत समावेश आहे. तीळ भारताच्या या यादीत नाही. अमेरिकेत मात्र १ जानेवारी २०२३ पासून त्याचाही उल्लेख करावा लागतो. तिळाची चिक्की किंवा तीळ लावलेली ज्वारीची बिस्किटे तिकडे पाठवू इच्छिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

काय करता येईल?

ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी ज्वारी दाण्याच्या अवस्थेतच, चांगल्या उजेडात, परातीत पसरून निवडावी. दळणासाठी केवळ ज्वारी-बाजरीकरिता राखलेली घरघंटी किंवा जाते सर्वांत निर्धोक. परात, चाळणी व पिठाचा डबा वेगळा असावा. पोळीची परात पुसून भाकरीसाठी घेऊ नये. बाजारातील हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून डबीवरील घटक वाचावेत. तयार बेसन, भगर व पापड यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी.

गिरणीचालकांना ज्वारीसाठी एक दगडजोडी किंवा एक गिरणी राखून ठेवता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर सकाळी गिरणी झाडून-पुसून स्वच्छ केल्यावर प्रथम ज्वारीची दळणे घ्यावीत आणि आरंभीचे काही किलो पीठ गुरांच्या खुराकासाठी बाजूला काढावे. हा उपाय पुरेसा पडतो की नाही, हे मात्र तपासणीनेच ठरवावे.

ज्वारीचे पदार्थ तयार करणारे महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी ‘ग्लुटेनरहित’ हा शब्द छापण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा आणि प्रत्येक दळणाची नोंदवही ठेवावी. धान्य कोणाच्या शेतातले, मळणी कोणत्या यंत्रावर झाली, आधी त्यावर काय मळले होते, हे त्या वहीत असावे. एकाच गावातील शेतकऱ्यांनी मिळून मळणी यंत्र, पोती व साठवण यांची शिस्त पाळली, तर तपासणीचा खर्चही विभागला जाईल आणि मालाला अधिक भाव मागण्याचा अधिकार प्राप्त होईल. एका असत्य लेबलाने मात्र साऱ्या गटाची पत जाऊ शकते आणि त्याची किंमत एखाद्या अजाण मुलाला आपल्या प्रकृतीने मोजावी लागते.

दाण्याच्या अवस्थेत गहू डोळ्यांना दिसतो. पीठ झाल्यावर तो केवळ प्रयोगशाळेला दिसतो. म्हणून जे काम हातांनी होण्यासारखे आहे ते आधी हातांनी करावे आणि जे हातांच्या आवाक्याबाहेर आहे ते प्रयोगशाळेवर सोपवावे. परभणीच्या मातीत ज्वारी निर्दोषच पिकते. ताटातील भाकरीपर्यंत ती तशीच पोहोचविण्याची जबाबदारी शेतकऱ्यापासून गिरणीचालकापर्यंत सर्वांची आहे.